मुलाचं कानाचं मशीन: कोणत्या फेऱ्या करायच्याच आणि कोणत्या फोनवर भागतात

किनवटच्या पलीकडच्या तांड्यावरून नांदेड गाठायचं म्हणजे शंभराहून जास्त किलोमीटर. त्या दिवसाची मजुरी बुडते, दोघांच्या तिकिटाचे पैसे जातात आणि कडेवर लेकरू असतं ते वेगळंच. ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकणं तपासून मशीन बसवणारे तज्ज्ञ, सांगतात, "पंधरा दिवसांनी सेटिंगला या." पंधरा दिवसांनी सोयाबीनची काढणी निघते, नाहीतर घरात कुणीतरी आजारी पडतं. तोवर मशीन शिट्टी मारायला लागलेलं असतं, पोर ते ओढून फेकतं आणि शेवटी ते कपाटात गोधड्यांच्या घडीखाली जाऊन पडतं.

यातल्या बऱ्याच फेऱ्या आता वाचवता येतात. सेटिंग बदलणं, आईवडिलांना शिकवणं, स्पीच थेरपीचे धडे ही कामं व्हिडिओ कॉलवर होतात आणि नीट होतात, हे बऱ्याच अभ्यासांत दिसून आलंय. पण काही फेऱ्या काही केल्या टाळता येत नाहीत. त्या कोणत्या, हे आधी कळलं तर हातातला पैसा आणि सुट्ट्या बरोबर ठिकाणी खर्च होतात.

तपासणी प्रत्यक्षच, आणि लवकर

जगभर पाळला जाणारा हिशेब एक-तीन-सहाचा आहे. पहिल्या महिन्यात प्राथमिक तपासणी, तीन महिन्यांच्या आत पक्कं निदान आणि सहा महिन्यांच्या आत मशीन व थेरपी सुरू. हा हिशेब हवेतून आलेला नाही. 1998 मध्ये अमेरिकेत ख्रिस्टीन योशिनागा-इटानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात, सहा महिन्यांच्या आत निदान झालेल्या मुलांची भाषा उशिरा निदान झालेल्या मुलांपेक्षा स्पष्टपणे पुढे असल्याचं आढळलं. आपल्याकडे मात्र "याचा बाप पण तीन वर्षांचा होईस्तोवर बोलला नव्हता" या एका वाक्यात दोन वर्षं निघून जातात.

घरी ताट वाजवून बघणं ही तपासणी नव्हे. ताटाचा आवाज मोठा असतो, त्याचा हादरा अंगाला जाणवतो आणि हात हललेला पोराला कडेच्या नजरेनं दिसतो. बोलण्यातले बारीक आवाज ज्याला ऐकू येत नाहीत, ते मूलसुद्धा ताटाला वळून बघतं. फटाक्याला दचकतं म्हणून कान चांगले, असंही धरू नका.

तपासण्या मुख्यतः दोन. ओएई ही पटकन होणारी, कानात छोटं टोक घालून करतात. बेरा जास्त खोलात जाते. त्यात डोक्याला इलेक्ट्रोड लावून आवाजाचा संदेश नसेतून मेंदूकडे कसा जातो ते पाहतात. बाळ काचेच्या पेटीत होतं, कावीळ फार वाढली होती, जेंटामायसिनसारखी इंजेक्शनं बरेच दिवस दिली होती, मेंदूज्वर झाला होता, असं काही असेल तर नुसती ओएई पास झाली म्हणून घरी येऊ नका, बेराच मागा. कारण काही मुलांचा आतला कान आवाज पकडतो, पण पुढे नसेत गडबड असते. ती गडबड ओएईला दिसत नाही. घरात कुणी ऐकू न येणारं असेल किंवा आईवडील आधीपासून नात्यातले असतील, तर तेही डॉक्टरांना सांगा. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न ही जुनी रीत आहे आणि जन्मजात बहिरेपणाची काही कारणं अनुवंशिक असतात. यात कुणाला दोष द्यायचा नसतो, पुढच्या बाळाची तपासणी वेळेत व्हावी एवढाच हेतू.

जायचं कुठे? अंगणवाडीत आणि शाळेत येणारं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक, म्हणजे आरबीएसकेची गाडी, हा पहिला दरवाजा. हा कार्यक्रम 2013 पासून सुरू आहे. ते जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे, म्हणजे डीईआयसीकडे चिठ्ठी देतात. त्याशिवाय संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालय, लातूर आणि नांदेडची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. निघण्याआधी फोन करून बेराचं मशीन चालू आहे का, तंत्रज्ञ त्या दिवशी आहेत का, हे विचाराच. नाहीतर फेरी वाया जाते.

बेराच्या दिवशी बाळ झोपलेलं लागतं. म्हणून पहाटे लवकर उठवा, एसटीत झोपू देऊ नका आणि दूध तिथे पोचल्यावर पाजा. आदल्या दिवशी न्हाऊ घाला, डोक्याला तेल लावू नका, इलेक्ट्रोड चिकटत नाहीत. झोपेचं औषध द्यायचं झालं तर दवाखान्यातच, डॉक्टरांसमोर.

बेरासुद्धा दुरून करता येते का? येते. तामिळनाडूत चेन्नईच्या श्री रामचंद्र संस्थेतल्या विद्या रामकुमार आणि त्यांच्या गटानं गावपातळीवर बाळांची प्राथमिक तपासणी केली आणि व्हॅनमधल्या उपकरणावरची बेरा दूर बसलेल्या तज्ज्ञांनी इंटरनेटवरून केली. पण तिथेही उपकरण आणि शिकवलेला माणूस बाळाजवळ होताच. नुसत्या मोबाईलवर निदान होत नाही. एखादं ॲप तसं सांगत असेल तर ते बंद करा.

मशीन घेताना

ऑनलाइन मिळणारी, तपासणीशिवाय लावायची मशीन मुलांसाठी घेऊ नका. ती सगळेच आवाज सरसकट वाढवतात. मुलाला कोणत्या पट्टीतलं किती कमी ऐकू येतं, त्यानुसार मशीन बसवावं लागतं, आणि चुकीच्या जास्त आवाजानं उरलंसुरलं ऐकणंही जाऊ शकतं.

दोन्ही कानांना कमी ऐकू येत असेल तर मशीन दोन्ही कानांना. लहान मुलांसाठी कानामागे बसणारं मशीन आणि मऊ साचा (मोल्ड) चांगला. मूल वाढलं की फक्त साचा बदलायचा, मशीन तेच राहतं. बॅटरीच्या दाराला कुलूप असलेलं मागा. ती गोल बॅटरी मुलानं गिळली तर जीवावर बेतू शकतं.

आता एक प्रश्न, जो फार कमी पालक विचारतात: "सेटिंग बरोबर बसलं हे तुम्ही मोजलंत कशानं?" लहान बाळाच्या कानाची पोकळी इवलीशी असते. म्हणून तेच मशीन मोठ्या माणसाच्या कानापेक्षा बाळाच्या कानात जास्त जोरात वाजतं. चांगल्या ठिकाणी कानात बारीक नळीचा मायक्रोफोन घालून हा फरक मोजतात आणि मुलांसाठी बनवलेल्या सूत्रानुसार मशीन जुळवतात. तशी सोय नसेल तर निदान चाचणीपेटीत मशीन मोजून आणि वयानुसारचा सरासरी फरक धरून बसवलेलं असावं. "टाळी वाजवली, पोरानं बघितलं, झालं" यावर मशीन घेऊन घरी येऊ नका. ही मोजणी प्रत्यक्षच होते, आणि माझ्या मते नांदेड-लातूरची एक फेरी खर्च करायची तर ती हिच्यासाठी.

घेण्याआधी आणखी तीन गोष्टी विचारून घ्या. हे मशीन मोबाईलला जोडून दुरून सेट करता येतं का? आमच्या घरच्या अँड्रॉइड फोनवर ते ॲप चालतं का? आणि तुम्ही स्वतः अशी सेवा देता का? मशीनमध्ये सोय असते पण देणारा नसतो, असं पुष्कळदा होतं.

सरकारी मदतीसाठी युडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, हे कार्ड काढा. दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडीप योजनेतून उत्पन्नाच्या अटीवर मशीन मिळतं. मशीन लावूनही फायदा नसलेल्या मुलांना याच योजनेत कॉक्लिअर इम्प्लांटही, म्हणजे आतल्या कानात ऑपरेशननं बसवायचं यंत्रही, मिळतं. त्यासाठी मुंबईची अली यावर जंग संस्था काम पाहते. इम्प्लांटला वयाची मर्यादा आहे, म्हणून "बघू पुढच्या वर्षी" करू नका. एक मेख मात्र लक्षात ठेवा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात कमी ऐकू येणं धरलं जातं ते दोन्ही कानांत 60 डेसिबलपासून पुढे. 40-45 डेसिबलवालं मूल या व्याख्येत बसत नाही, पण मशीनची गरज त्यालाही आहे. कार्ड नाकारलं म्हणजे कान चांगले, असा अर्थ काढू नका.

दिवसाला किती तास?

सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो. अमेरिकेतल्या आयोवा, नेब्रास्का आणि नॉर्थ कॅरोलायना इथे तीनशेहून अधिक मुलांवर वर्षानुवर्षं चाललेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष 2015 मध्ये आले. दिवसाला दहा तासांहून जास्त मशीन लावणाऱ्या मुलांची भाषा अधिक चांगली वाढली. ऑस्ट्रेलियातल्या तशाच मोठ्या अभ्यासात दिसलं, की मशीन लवकर लावण्याचा फायदा ज्यांचं ऐकणं जास्त कमी आहे त्यांना अधिक होतो.

त्या अमेरिकी गटानं आणखी एक गोष्ट तपासली. आजकालची मशीन आपण किती तास चालू होतो याची नोंद आत ठेवतात. पालकांनी सांगितलेले तास आणि ही नोंद ताडून पाहिली, तर पालक खऱ्या तासांपेक्षा सरासरी अडीच तासांहून थोडं जास्तच वाढवून सांगत होते. खोटं बोलायचं म्हणून नाही. दुपारची झोप, न्हाणं, आजीकडे गेलेलं असताना काढलेलं मशीन हे हिशेबात येत नाही. तेव्हा दर वेळी ऑडिओलॉजिस्टला विचारा, "नोंद किती दाखवतेय?" आकडा कमी आला तर लाजू नका, तास कुठे गळतात ते शोधा. सहसा ते दुपारच्या झोपेनंतर गळतात: मूल उठतं, खेळायला पळतं, मशीन डब्यातच. उठल्यावर तोंड धुतलं की मशीन, असं जोडून टाका. आज्जीला आणि अंगणवाडीच्या ताईलाही ते लावायला शिकवा. फक्त आईलाच येतं अशा घरात तास भरत नाहीत.

पोर ओढून काढत असेल तर कारण शोधा. साचा टोचतोय, कान फुटलाय, की आवाज फार मोठा बसवलाय? काहीच नसेल आणि नुसता खेळ असेल, तर दोरीची क्लिप लावून सदऱ्याला मागे अडकवा, काढलं की शांतपणे परत घाला. रागवलात तर त्याला नवा खेळ मिळतो.

रोज सकाळी पाच मिनिटं

मशीन आधी तुम्ही ऐका. त्यासाठी स्टेथोस्कोपसारखी स्वस्त नळी मिळते, मशीनसोबतच मागून घ्या. आवाज फाटका, तुटक किंवा बारीक येतोय का? बॅटरी नवी घातली असेल तर चिकटपट्टी काढल्यावर एखादं-दोन मिनिट हवा लागू द्या, मगच दार लावा. या बॅटऱ्या हवेवर चालतात.

मग सहा आवाजांची चाचणी. कमी ऐकू येणाऱ्या मुलांना बोलणं शिकवणारे तज्ज्ञ डॅनियल लिंग यांनी ठरवलेले हे आवाज आहेत: म्, ऊ, आ, ई, श्, स्. जाड आवाजापासून बारीक आवाजापर्यंत बोलण्याचा सगळा पट्टा यात येतो. मुलाला पाठमोरं किंवा कडेला बसवा, हातभर अंतरावर. पुढ्यात एक वाटी आणि मूठभर शेंगा. पदराचं टोक तोंडासमोर धरा म्हणजे ओठ दिसणार नाहीत. पदर तोंडावर दाबू नका, आवाज अडतो. नेहमीच्या बोलण्याएवढ्या आवाजात "आ" म्हणा. ऐकू आलं की मुलानं एक शेंग वाटीत टाकायची. आवाजांचा क्रम रोज बदला, दोन आवाजांमधलं अंतरही बदला, मध्येच गप्प राहा. नाहीतर पोरं हुशार असतात, ताल धरून शेंगा टाकत बसतात. आधी एक मशीन, मग दुसरं, मग दोन्ही. वर्षाच्या आतलं बाळ शेंग टाकणार नाही, पण चोखायचं थांबतं, डोळे मोठे करतं, ते टिपा.

सगळं ऐकू येतं आणि फक्त "स्" येत नाही, असं झालं तर "साखर" त्याला "आखर" ऐकू जाणार. काल येत होता तो आवाज आज येत नसेल, तर बॅटरी, साच्याच्या नळीत साचलेलं पाणी आणि कानातला मळ बघा. तरीही तसंच राहिलं तर वहीत तारीख टाकून लिहा. ही वही पुढच्या कॉलला तुमच्या तक्रारीपेक्षा जास्त बोलते.

व्हिडिओ कॉल

कॉल तीन कामांसाठी होतो: मशीनचं सेटिंग बदलणं, मशीन नीट बसतंय का ते पाहणं आणि मुलाशी कसं बोलायचं ते आईवडिलांना शिकवणं. तिसऱ्या कामाबद्दल तर अमेरिकेत 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अनेक केंद्रांच्या अभ्यासात, व्हिडिओवरून मार्गदर्शन मिळालेल्या कुटुंबांतली मुलं प्रत्यक्ष भेटी मिळालेल्यांच्या तोडीची, काही मोजमापांत थोडी पुढेच होती. यात नवल वाटायचं कारण नाही. प्रत्यक्ष भेटीत थेरपिस्ट मुलाशी खेळते आणि आई बघत बसते. कॉलवर थेरपिस्टचा हात पोचत नाही, सगळं आईलाच करावं लागतं, आणि तेच घरी आठवडाभर टिकतं.

आदल्या दिवशी हे करा. मशीन फोनला जोडलं जातंय का पाहा. फोन आणि मशीन दोन्ही पूर्ण चार्ज किंवा बॅटऱ्या नव्या. वही, ऑडिओग्रामचा (ऐकण्याच्या तपासणीच्या आलेखाचा) फोटो, मुलाचा एखाद-दुसरा छोटा व्हिडिओ: जेवताना, भावंडांशी खेळताना. हे व्हिडिओ आधीच पाठवून ठेवा. रेंज गेली तरी काम थांबत नाही.

कॉल घ्यायची जागा आधी ठरवा. रेंज गच्चीवर येते म्हणून गच्चीवर बसाल तर वारा आणि खालचा ट्रॅक्टर मशीनमध्ये घुसेल. शक्यतो आतली खोली, पंखा आणि टीव्ही बंद, खिडकी समोर, पाठीमागे नको. फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवा, हातात धरू नका. दोन्ही हात मुलासाठी मोकळे लागतात आणि तुम्ही, मूल आणि खेळणं असं तिन्ही चौकटीत दिसायला हवं. दुपारच्या झोपेची वेळ टाळा.

सेटिंग बदलत असताना कॉल तुटला तर घाबरू नका, पण मशीन कानातून काढा आणि पुन्हा जोडल्यावर ऑडिओलॉजिस्टला खात्री करून घ्यायला सांगा. नवं सेटिंग बसल्याबरोबर, कॉल चालू असतानाच, ते सहा आवाज पुन्हा घ्या. नवं सेटिंग बरं की वाईट, हे ठरवण्यासाठी "आता बरं वाटतंय ना?" पेक्षा ते भरवशाचं. "आवाज वाढवा" एवढंच सांगू नका. "मागून हाक मारली तर येत नाही, पण भांडं आदळलं की रडतं" असं सांगितलंत तर समोरच्याला कुठली पट्टी हलवायची ते कळतं.

दुरून सेटिंगची सोय नसलेलं मशीन असेल तरी साध्या व्हॉट्सॲप कॉलवर साचा घालणं, शिट्टीचं कारण, थेरपी हे सगळं होतं. फक्त सेटिंगला जावं लागेल.

साचा, ऊन आणि पाऊस

शिट्टी वाजते याचं पहिलं कारण बहुधा एकच: कान वाढला, साचा सैल झाला. पहिल्या वर्षात साचा काही महिन्यांनी, कधी त्याहूनही लवकर बदलावा लागतो. शिट्टी थांबावी म्हणून कॉलवर आवाज कमी करून घेऊ नका. शिट्टी जाते आणि त्याबरोबर "श्", "स्" पण जातात. साच्याचं माप प्रत्यक्षच घ्यावं लागतं. ती फेरी आणि वर्षातली बेरा किंवा ऑडिओग्रामची फेरी एकाच दिवशी जुळवा.

एप्रिल-मेमध्ये परभणी-नांदेडकडे पारा चाळिशीच्या पुढे असतो. घामानं मशीन खराब होतं, रोज संध्याकाळी कोरड्या सुती कपड्यानं पुसा. रात्री घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, बॅटरीचं दार उघडं ठेवून. तांदळात खुपसू नका, भुसा आत जातो. चुलीजवळ, पत्र्याखाली, बंद गाडीत ठेवू नका. साचा मशीनपासून सोडवून कोमट पाण्यात साबणानं धुवा आणि नळी पूर्ण वाळल्यावरच जोडा.

ऊसतोडीला जाणार असाल तर

बीडकडची हजारो कुटुंबं दिवाळीच्या आसपास निघतात ती मार्च-एप्रिलला परततात. दूरच्या देखभालीची खरी गरज यांनाच, आणि मशीन घेताना यांचा विचार कुणी करत नाही. कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, वीज नसते. म्हणून अशा घराला चार्जिंगच्या मशीनपेक्षा बॅटरीवालं मशीन बरं, असं माझं स्पष्ट मत आहे. बॅटऱ्या पाकिटबंद असतील तर हंगामभर टिकतात. पूर्ण हंगामाच्या बरोबर न्या आणि लेकराच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवा. निघण्याच्या आधीच्या आठवड्यात साचा नवा करून घ्या. ऑडिओलॉजिस्टला कारखान्याचा तालुका सांगा, जवळ कोण आहे ते त्यांना माहीत असतं. कॉलची वेळ संध्याकाळची, गाडी भरून झाल्यानंतरची ठरवा, आणि फोन जिच्याकडे राहतो त्या थोरल्या बहिणीलाही सहा आवाज शिकवा.

शाळेत

पुढच्या बाकावर, बोलणाऱ्या गुरुजींचं तोंड दिसेल असं, पंख्यापासून आणि दारापासून दूर. मशीन हाताच्या अंतरावर चांगलं काम करतं. जसजसं अंतर वाढतं तसा वर्गाचा गलका वरचढ होतो. परवडत असेल तर गुरुजींच्या गळ्यात अडकवायचा वायरलेस मायक्रोफोन घ्या, तो आवाज थेट मशीनमध्ये सोडतो.

कॉल न लावता निघायचं तेव्हा

कानातून पू येत असेल तर त्या कानाचं मशीन काढा आणि कानाच्या डॉक्टरांकडे जा. गरम तेल घालू नका. कालपर्यंत ऐकणारं मूल एकाएकी ऐकेनासं झालं आणि मशीन तर चालू आहे, तर त्याच दिवशी जा. मेंदूज्वर होऊन गेला असेल तर बरं झाल्यावर लगेच बेरा करा. त्यानंतर आतल्या कानात हाड भरू शकतं आणि मग इम्प्लांट अवघड होतं. बॅटरी गिळल्याचा नुसता संशय आला तरी वांती काढायला लावू नका, काही खाऊ-पिऊ घालत बसू नका, तडक एक्स-रेची सोय असलेल्या दवाखान्यात जा आणि बॅटरीचं रिकामं पाकीट सोबत न्या.